ऐंशी अक्षरं

ऑफिसात त्यांना सगळे गाळणीकाका म्हणत. तोंडावर नुसतं काका, पाठ वळली की गाळणी. काकांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दुसऱ्या नावाचा त्यांना मनातून थोडा अभिमानच वाटायचा. इंटरनेट पुरवणाऱ्या त्या मध्यम आकाराच्या कंपनीत गिऱ्हाइकांना येणारं प्रत्येक ईमेल आधी काकांच्या नियमांमधून जायचं. दिवसाला चार लाख पत्रं येत. त्यातली साडेतीन लाख टकलावर केस उगवणारी, आठ दिवसांत वजन उतरवणारी, नाहीतर कुठल्याशा राजपुत्राचा वारसा तुमच्या नावे करून देणारी. ही साडेतीन लाख काका दारातच अडवत.

अडवत म्हणजे नेमकं काय करत, ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. दुसऱ्या कंपन्या असली पत्रं बाजूच्या एका खणात टाकून ठेवतात. ज्याला हवं त्याने उघडून बघावं. काकांना ही पद्धत मुळीच मान्य नव्हती. "कचरा तो कचरा," ते म्हणत. "घराबाहेर टाकायचा की दिवाणखान्याच्या कोपऱ्यात?" त्यांच्या फिल्टरमध्ये अडकलेलं पत्र तिथल्या तिथे पुसलं जायचं. पाठवणाऱ्याला कळवायचं नाही, कारण कळवलं तर तो लबाड नवी वाट शोधतो. ज्याला पाठवलं त्यालाही कळवायचं नाही, कारण त्याच्या डोक्याला ताप कशाला. मागे राहायची ती फक्त एका ओळीची नोंद: कुणी पाठवलं, कुणाला, कधी, का अडवलं आणि विषयाच्या रकान्यातली पहिली ऐंशी अक्षरं. ऐंशी हा आकडाही काकांचाच. कचऱ्याचं काय चरित्र लिहायचंय, असं ते तेव्हा म्हणाले होते आणि मीटिंगमध्ये सगळे हसले होते.

एकटी तक्रारींच्या खिडकीवर बसणारी बाई हसली नव्हती. "काका, चुकून एखादं चांगलं पत्र गेलं तर?" तिने विचारलं होतं.

"तर तुमच्याकडे तक्रार येईल की."

"जे आलंय हेच माहीत नाही, त्याची तक्रार कोण करणार?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणूनच कुणी त्याचं उत्तर दिलं नाही आणि चहा आला.

काका सत्तावन्न वर्षांचे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गेल्या वर्षी त्यांनी जुनं घर सोडलं आणि ऑफिसजवळ एक खोली घेतली. खोलीत एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असत. सोमवार ते शनिवार बरे जायचे. रविवार मात्र अंगावर यायचा. सकाळी उठून दाढी करायची, पेपर शेवटच्या पानावरच्या जाहिरातींसकट वाचायचा, तरी घड्याळात बघावं तर साडेनऊच वाजलेले.

पूर्वी रविवार असा नसायचा, कारण रविवारी ताईचं पत्र यायचं.

ताई काकांहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा काका सात वर्षांचे होते आणि ताई सोळाची. तिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, मार दिला आणि मार दिल्यावर स्वतःच रडली. ती त्यांना छोट्या म्हणायची आणि काकांचे केस पिकले तरी छोट्याच म्हणत राहिली. आता ती गाडीने सहा तासांवर एकटी राहत होती. हळूहळू तिचे कान गेले. फोनवर ती "हॅलो, हॅलो, मोठ्यानं बोल" एवढंच म्हणत राहायची. म्हणून काकांनीच तिला ईमेल शिकवलं. घरात कॉम्प्युटर नको म्हणाली. शिवणकाम शिकवण्यात जन्म गेला, आता हे लोढणं कुठे सांभाळू? पण गल्लीच्या तोंडाशी वाचनालय होतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर ती दर रविवारी एका बोटाने पत्र टाइप करायची.

सुरुवातीला तिने एक मजा केली. अख्खं पत्र विषयाच्या रकान्यातच लिहून टाकायची. खाली पत्राची जागा कोरी. काका वैतागले होते. "ताई, विषयात एकच शब्द लिहायचा. बाकीचं खाली. असं पत्र आलं तर फिल्टरला वाटतं कुणीतरी फसवतंय." ताई शहाण्या विद्यार्थिनीसारखी शिकली. विषय: खुशाली. विषय: पाणी. विषय: शेजारीण. काका त्याच दिवशी उत्तर द्यायचे. आपणहून मात्र त्यांनी कधी पत्र लिहिलं नाही. तिचं आलं की उत्तर, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता होता. खोली बदलली तेव्हा नवा पत्ता कळवायचंही त्यामुळे राहूनच गेलं.

मग अकरा महिन्यांपूर्वी ते फोनचं झालं. ताईने शेजारणीच्या फोनवरून ऑफिसात फोन केला. त्या दिवशी काकांचं डोकं तापलेलं होतं. कुठल्याशा बाहेरच्या सर्व्हरमध्ये चोर शिरले होते आणि त्याच्या आडून गोळ्या-औषधांच्या जाहिरातींचा नुसता पूर लोटला होता. सकाळपासून चाळीस हजार. त्यात ताईचं "हॅलो, मोठ्यानं बोल, काही कळत नाही." काकांनी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा ओरडले, "ऐकू येत नाही तर फोन करतेस कशाला? घरात गप्प बसून राहा ना!" आणि रिसीव्हर आपटला. आजूबाजूची चार डोकी वर झाली आणि खाली गेली.

त्या रविवारी पत्र आलं नाही. पुढच्याही नाही.

काकांना काय ते कळून चुकलं. जिने आपल्याला वाढवलं तिला आपण गप्प बस म्हणालो. ती दुखावली. कुणीही दुखावलं असतं. त्यांनी माफीचं पत्र लिहायला घेतलं, "ताई," एवढं लिहिलं आणि खोडलं. असं किती रविवारी झालं त्याला गणती नाही. आधी लाज वाटायची. मग हळूहळू लाजेचा राग झाला. लहान भाऊ एकदा चुकला तर एवढं धरून बसायचं? दोन ओळी लिहायला हात झडतात का तिचे? मोठी आहे ना, मग तिनेच आधी लिहावं. माणूस एकटा राहिला की स्वतःशीच भांडतो आणि जिंकतोही स्वतःच. काका दर रविवारी जिंकत होते आणि दर सोमवारी थोडे जास्त वाळलेले दिसत होते.

तर त्या मंगळवारी सकाळी तक्रारींच्या खिडकीवर एक पुस्तकबांधणीवाला आला. साठीचा, अंगठ्याला सरस चिकटून वाळलेला, आवाज खणखणीत. एका वाचनालयाची दोनशे जुनी पुस्तकं बांधायचं काम त्याला मिळणार होतं. वाचनालयाने चारदा ईमेल केलं म्हणतात, ह्याला एकही मिळालं नाही. शेवटी त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. बाईने त्याला थेट काकांच्या टेबलाशी आणून उभं केलं. त्यात तिचा थोडा सूडही असावा.

"माझी पत्रं अडवायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी?" बांधणीवाल्याने बसायच्या आधीच विचारलं.

"अधिकाराचं नाही हो. सगळं सोडलं तर रोज दोनशे फालतू पत्रं येतील तुम्हाला. त्यात तुमचं कामाचं पत्र सापडणार आहे का?"

"शोधीन की. माझे डोळे आहेत, माझा वेळ आहे."

"सगळ्यांना नसतो वेळ. फसतात लोक. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर राजपुत्राला घराची कागदपत्रं पाठवली होती."

"बरोबर आहे तुमचं," बांधणीवाला म्हणाला, आणि काका चपापले, कारण त्यांचं बरोबर आहे असं भांडायला आलेला माणूस कधी म्हणत नसे. "अडवा. अडवायलाच हवं. पण बाजूला ठेवा ना! माझ्याकडे फाटकं पुस्तक येतं, पानं सुटलेली असतात. कुठलं पान कामाचं नि कुठलं नाही ते मी नाही ठरवत. सगळी राखून ठेवतो आणि ज्याचं पुस्तक त्याला दाखवतो. तुम्ही फेकता कशाला?"

काकांनी नोंदींची यादी उघडली आणि बांधणीवाल्याचा पत्ता शोधला. चार ओळी निघाल्या. चारही एकाच सर्व्हरवरून आलेल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: पूर्ण बंदी. काकांना आठवलं, हा तोच चाळीस हजार जाहिरातींचा सर्व्हर. त्या दिवशी त्यांनी त्याचा आकडा, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, काळ्या यादीत घातला होता. त्यांच्यापुढे तो आकडाच होता. नाव बघायची त्यांना गरज वाटली नव्हती. बंदीपुढे मुदतीचा एक रकाना असतो. आठवडा, महिना, काय ते लिहायचं, म्हणजे दुरुस्ती झाल्यावर बंदी आपोआप उठते. रागाच्या भरात काकांनी तो कोरा सोडला होता. कोरा म्हणजे कायमचा.

"कुठलं वाचनालय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

बांधणीवाल्याने गावाचं आणि गल्लीचं नाव सांगितलं.

ताईचीच गल्ली. मग काकांनी त्या सर्व्हरवरून आलेली, कंपनीतल्या माणसांच्या आणि गिऱ्हाइकांच्या नावची सगळी अडवलेली पत्रं मागवली. जाहिरातींचा पूर पहिल्या दोन दिवसांचा होता. तो वगळल्यावर पंचेचाळीस ओळी उरल्या. चार बांधणीवाल्याच्या. एक्केचाळीस काकांच्या स्वतःच्या नावच्या.

"तुम्हाला बरं नाही का?" बांधणीवाल्याने विचारलं. बाईने पाणी आणून ठेवलं. काकांनी बंदी उठवली, बांधणीवाल्याची हात जोडून माफी मागितली, चूक कंपनीची होती असं वाचनालयासाठी पत्र लिहून दिलं आणि तो गेल्यावर खुर्ची स्क्रीनजवळ ओढून ते यादी वाचायला बसले.

पहिल्या ओळीत विषय होता: फोन. तिने काय लिहिलं असेल ते काकांना न वाचताही कळत होतं. खाली एकेक रविवार ओळीने उभा होता. खुशाली. खुशाली. शेजारीण. डोळा. डोळ्याचं ऑपरेशन. डोळा बरा आहे. खुशाली. नवा पत्ता? नवा पत्ता कळव. आजारी आहेस का? खुशाली. खुशाली.

बस, एवढंच. एक शब्द, दोन शब्द. तिला तसंच शिकवलं होतं ना. बाकीचं तिने खाली लिहिलं होतं, रोजच्या साडेतीन लाखांबरोबर पुसलं गेलेलं, आणि ते परत आणायची सोय जगात कुठेच नव्हती. काकांनी स्वतःच ती ठेवली नव्हती. ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं, दवाखान्यात तिच्यासोबत कोण होतं, तिथे नर्सने काय सांगितलं ते तिला कुणी लिहून दिलं, काहीच कळायला मार्ग नव्हता.

एक्केचाळिसाव्या ओळीत मात्र ताईने नियम मोडला होता. पत्र उघडत नसेल तर निदान वरचं तरी दिसेल, असा तिचा हिशेब असावा. तिने पूर्वीसारखं सगळंच विषयात लिहिलं होतं:

"छोट्या, तेरा तारखेला सकाळच्या गाडीने येते आहे. स्टेशनवर ये. नाही आलास तर समजेन"

आणि ऐंशी अक्षरं संपली होती.

तेरा तारीख होऊन सहा आठवडे झाले होते. त्या दिवशी आपण कुठे होतो ते काकांना चांगलंच आठवत होतं. वार्षिक मीटिंग होती. काका उभे राहून सांगत होते, नव्या फिल्टरबद्दल वर्षभरात एकही तक्रार नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि कंपनीचं नाव छापलेलं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते अजून खोलीत खोक्यातच होतं, कारण उघडून दाखवायचं कुणाला? स्टेशन ऑफिसपासून चालत बारा मिनिटांवर होतं.

तेरा तारखेनंतर यादीत काही नव्हतं.

नाही आलास तर समजेन. काय समजेन? तू मला विसरलास. मी मेले असं तू धरलंस. मला भाऊ नाही. काकांनी ते वाक्य दहा तऱ्हांनी पुरं करून पाहिलं आणि प्रत्येक तऱ्हा त्यांना रास्तच वाटली. मग ते उठले, तक्रारींच्या बाईकडे गेले आणि म्हणाले, "तो बाजूचा खण. आजच सुरू करतो. आणि सगळ्यांना कळवा की अडवलेलं बघता येईल."

"काका, झालं काय?"

"तुमचं बरोबर होतं," काका म्हणाले, आणि घाईघाईने जिना उतरले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि खिडकीपुढे रांग होती. मग टेबलाशी येऊन दोन तास त्यांनी नवे नियम लिहिले, रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली.

ताईच्या दाराचं बटण दाबलं की आत घंटी वाजत नसे, दिवा लागायचा. तो काकांनीच बसवून दिला होता. त्यांनी बटण दाबलं. आतून सपातांचा आवाज आला. ही आता दार उघडून परत लावून घेईल, याची त्यांनी सहा तास तयारी केली होती.

ताईने दार उघडलं. ती आणखी लहान झाल्यासारखी दिसत होती आणि उजव्या डोळ्यावर चष्म्याची हिरवट काच होती. उजवा डोळा तर, काकांच्या मनात आलं.

"आलास?" ती म्हणाली. "वाळलास किती! बस. काय ते लिहूनच सांग हं, मला आता काहीच येत नाही ऐकू." आणि तिने टेबलावरची एक वही आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं.

काकांनी वही उघडली. ताई आधी सगळं वहीत लिहायची आणि मग वाचनालयात जाऊन टाइप करायची, हे त्यांना कधी माहीतच नव्हतं. पानापानावर तिचं गोल अक्षर, प्रत्येक पत्राला आकडा आणि तारीख. काका पानं उलटत एक्केचाळीसवर आले.

"छोट्या, तेरा तारखेला सकाळच्या गाडीने येते आहे. स्टेशनवर ये. नाही आलास तर समजेन की माझी पत्रं तुला मिळतच नाहीत. वाचून न येणारा तू नाहीस."

काकांनी ते तीनदा वाचलं. पुढे आणखी पानं होती. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. शेवटचं सत्तेचाळीस, गेल्या रविवारचं.

"तेरा तारखेला संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसले होते बाकावर," ताई सांगत होती, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात. "दोघा-तिघांना तुझ्या कंपनीचं विचारलं. त्यांनी सांगितलंही, पण काय सांगतात ते मला कळेना. मग आले परत. म्हटलं, पोचत नाही तर पाठवायचं कशाला. नुसतं लिहीत गेले. तू आलास की एकदम देईन."

काकांनी पेन उचललं आणि सत्तेचाळीसच्या खाली लिहिलं, "पत्रं मीच अडवली होती. चुकून."

ताईने चष्मा सारखा करून वाचलं. "का रे?" तिने विचारलं. "काही वाईट लिहिलं होतं का मी?"

"वाचलीच नव्हती," काकांनी लिहिलं.

"मग आता वाच," ताई म्हणाली. "शेवटून नको, पहिल्यापासून. मोठ्यानं वाच, म्हणजे तुझं तोंड हललेलं दिसेल मला."

काकांनी पहिलं पान काढलं. वर लिहिलं होतं, विषय: फोन. अकरा महिने ज्या पत्राची धास्ती बाळगली ते आता तिच्यासमोर बसून वाचायचं होतं.

"छोट्या," ते वाचू लागले, "परवा फोनवर तू मोठ्यानं काहीतरी म्हणालास. मी शेजारणीसमोर मान हलवली, पण खरं सांगायचं तर मला एक अक्षरही ऐकू आलं नाही. महत्त्वाचं असेल. काय म्हणत होतास ते लिहून कळव."

काका थांबले. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तोंड हलायचं थांबलं तशी ती पुढे वाकली.

"हां, ते राहिलंच की," ती म्हणाली. "काय म्हणत होतास रे तेव्हा?"

काकांनी पेन उचललं. खरं काय ते लिहायला हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. एवढं एक वाक्य तिच्यापर्यंत पोचायला नको होतं. त्यांनी खाली मान घालून लिहिलं, "तुझी आठवण येते, असं म्हणत होतो."

ताईने वही जवळ धरून वाचलं आणि काकांकडे पाहिलं.

"आणि ते एवढं ओरडून?" ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली. काकांनी पान उलटलं आणि दुसरं पत्र ते मोठ्यानं वाचू लागले. खोलीत ऐकणारं कुणी नव्हतं.